युद्धकालीन पायमोजे व त्यांचे विणकाम

युद्धकाळात सैनिकांसाठी नागरिकांनी, विशेषतः स्त्रियांनी, ठरावीक नमुन्यानुसार हाताने विणलेले लोकरी पायमोजे आणि ते विणण्याची पद्धती यांचा विचार येथे केला आहे. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत हे विणकाम फार मोठ्या प्रमाणावर झाले आणि दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) त्याची पुनरावृत्ती झाली. पायमोजा ही युद्धसाहित्यातील अत्यंत क्षुद्र वस्तू वाटते. तथापि सैन्याची पायी चालण्याची क्षमता, थंडी व ओल यांपासून होणारे पायांचे विकार आणि घरी बसून केलेले स्त्रियांचे विनामूल्य श्रम या तीन गोष्टी या वस्तूत एकत्र आल्या. त्यामुळे तिचा इतिहास हा एकाच वेळी युद्धाचा, वैद्यकाचा आणि श्रमाचा इतिहास ठरतो.

पूर्वपीठिका : सुयांवर मोजे विणण्याची कला यूरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून प्रचलित होती. इंग्लंडमध्ये १५८९ मध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याची चौकट तयार केली व पुढे या यंत्रावर लेस्टर, नॉटिंगॅम इ. ठिकाणी मोठा उद्योग उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात हातविणकाम हे व्यवसाय म्हणून मागे पडले. मात्र शाळांतून मुलींना दिले जाणारे शिक्षण आणि घरगुती कौशल्य या रूपांनी ते टिकून राहिले. क्रिमियाच्या युद्धातील (१८५३–५६) पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश सैनिकांचे थंडीने अतोनात हाल झाले. त्या युद्धातील बॅलक्लाव्हा या स्थळाचे नाव डोके व कान झाकणाऱ्या लोकरी टोपीला पुढे मिळाले. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेकडील राज्यांत १८६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘सॅनिटरी कमिशन’ या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्यक मंडळांमार्फत मोजे, अंथरुणे व औषधोपचाराचे साहित्य गोळा केले. घरगुती विणकामाचा लष्करी पुरवठ्याशी सुसंघटित संबंध जोडण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत या संस्थेची गणना होते.

खंदकातील पाय : पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनचे लढाऊ सैन्य लहान होते. युद्धमंत्री लॉर्ड किचेनर यांच्या आवाहनानंतर १९१४ च्या अखेरपर्यंत दहा लाखांहून अधिक लोक सैन्यात दाखल झाले. इतक्या लोकांना गणवेश, बूट व मोजे पुरविणे त्यावेळच्या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याच सुमारास पश्चिम आघाडीवर फिरते युद्ध थांबून खंदकयुद्ध सुरू झाले. फ्लँडर्सचा प्रदेश सखल असून तेथे भूजलाची पातळी वर असते. तोफांच्या माऱ्याने शेतांतील चर उद्ध्वस्त झाल्यामुळे खंदकांत घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत, पाणी व चिखल साचे. अशा पाण्यात दिवसचे दिवस उभे राहिल्याने जो विकार जडतो त्याला ‘ट्रेंच फूट’ म्हणजे खंदकपाद हे नाव पडले.

या विकारासाठी पाणी गोठण्याइतकी थंडी लागत नाही. ओल आणि थंडी यांमुळे पायातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दीर्घकाळ आकुंचित राहतात, ऊतकांना प्राणवायू अपुरा पडतो आणि पाय प्रथम बधिर व पांढरट होतो. नंतर तो सुजून लाल होतो, तीव्र वेदना सुरू होतात, फोड येतात आणि विकार बळावल्यास कोथ होऊन बोटे किंवा पाऊल कापून टाकावे लागते. घट्ट बूट आणि पोटरीभोवती गुंडाळलेली कापडी पट्टी यांमुळे रक्ताभिसरणास अधिक अडथळा येई. ही पट्टी हिंदुस्थानातील सैन्यातून ब्रिटिश गणवेशात आली होती आणि ‘पट्टी’ हा शब्दही तिच्याबरोबरच इंग्रजीत रूढ झाला. १९१४-१५ च्या हिवाळ्यात सु. २०,००० ब्रिटिश सैनिकांवर या विकारासाठी उपचार करावे लागले. संपूर्ण युद्धात फ्रान्समधील आघाडीवर खंदकपाद व हिमदाह यांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ब्रिटिश सैनिकांची संख्या सु. ७५,००० भरते.

यावर प्रभावी औषध उपलब्ध नव्हते. प्रतिबंध हाच उपाय होता. खंदकात लाकडी फळ्या टाकणे, तुकड्या लवकर लवकर बदलणे, पायांना देवमाशाचे तेल चोळणे आणि मोजे वरचेवर बदलणे असे नियम घालून देण्यात आले. सैनिकांच्या जोड्या पाडून प्रत्येकाने दुसऱ्याच्या पायांची काळजी घ्यावी, अशी व्यवस्था अनेक पलटणींत होती. पायांच्या तपासणीची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकलेली होती. काही ठिकाणी रात्री शिध्याबरोबर कोरडे मोजे पुढे जात आणि ओले मोजे धुण्यासाठी मागे येत. या व्यवस्थेत एका सैनिकामागे एक जोड पुरत नसे. एक पायात, एक पिशवीत आणि एक धुण्यात असे किमान तीन जोड लागत आणि चिखल व लांबची चाल यांमुळे ते लवकर फाटत. मोज्यांच्या अखंड मागणीचे हे कारण होय.

या कामी लोकरीची निवड झाली ती तिच्या गुणधर्मांमुळे. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सु. ३० टक्के ओलावा शोषूनही स्पर्शाला ओला वाटत नाही. त्याच्या नैसर्गिक कुरळेपणामुळे विणीत हवा अडकून राहते व ऊब टिकते. सुती मोजा भिजला की पायाला चिकटतो आणि ऊब गमावतो. रशियन सैन्यात मोज्यांऐवजी पायाभोवती चौकोनी कापड गुंडाळण्याची पद्धत होती. ते धुण्यास व वाळविण्यास सोपे असून कोणत्याही मापाच्या पायाला चालत असे. रशियाच्या सैन्यातून या पद्धतीला अधिकृतपणे रजा मिळाली ती २०१३ मध्ये.

संघटना व मागणी : इंग्लंडमध्ये १८८२ साली लेडी वुल्व्हर्टन यांनी अनाथांना कपडे पुरविण्यासाठी शिवण-विणकामाची एक संघटना काढली होती. १९१४ मध्ये तिला ‘क्वीन मेरीज नीडलवर्क गिल्ड’ हे नाव मिळाले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत लॉर्ड किचेनर यांच्या विनंतीवरून राणी मेरी यांनी आघाडीवरील सैनिकांसाठी ३ लाख मोज्यांचे जोड आणि तितकेच लोकरी कमरपट्टे पुरविण्याचे आवाहन केले. त्याला उदंड प्रतिसाद मिळाला. आगगाडीत, सभागृहात, गिरिजाघरातही स्त्रिया विणताना दिसू लागल्या. परंतु प्रारंभीच्या या उत्साहाला शिस्त नव्हती. विजोड मापांचे, भडक रंगांचे, टाचेत गाठी असलेले मोजे ढिगांनी येऊ लागले. एका पलटणीला गरजेहून अधिक, तर दुसरीला काहीच नाही, असेही घडे. म्हणून सप्टेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने स्वयंसेवी संस्थांसाठी महासंचालक हे पद निर्माण करून त्यावर सर एडवर्ड वॉर्ड यांची नेमणूक केली. कोणती वस्तू, कोणत्या नमुन्याची आणि किती हवी हे यापुढे एका ठिकाणाहून ठरू लागले.

ऑस्ट्रेलियात १९१६ साली विविध प्रांतांतील मंडळे एकत्र येऊन ‘ऑस्ट्रेलियन कम्फर्ट्स फंड’ ही संस्था बनली. युद्धकाळात तेथे विणलेल्या मोज्यांचे साडेतेरा लाखांहून अधिक जोड सैनिकांना पाठविण्यात आले. एका जोडीस दहा तास धरले, तरी हा हिशेब सु. १ कोटी ३५ लाख तासांचा होतो. कित्येक स्त्रिया मोज्याच्या चवड्यात आपले नाव वा चार ओळींचा मजकूर लिहिलेली चिठ्ठी सरकवीत व त्यातून अपरिचितांचा पत्रव्यवहार सुरू होई.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. तेथील रेडक्रॉस संस्थेने त्या वर्षी मोज्यांचे जोड, स्वेटर, गळपट्टे व मनगटपट्टे यांची प्रत्येकी १५ लाख एवढी मागणी नोंदविली. शाळकरी मुले-मुली आणि अग्निशामक दलातील पुरुषही विणण्यास शिकले. लोकरीचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या ‘व्हाइट हाउस’ या निवासस्थानाच्या हिरवळीवर मेंढ्या पाळण्यात आल्या. त्यांच्या लोकरीच्या लिलावातून रेडक्रॉसला ५२,००० डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली.

नमुना व विणण्याची पद्धती : हजारो अनोळखी हातांनी विणलेले मोजे एकसारखे व्हावेत म्हणून संस्थांनी छापील सूचनापत्रके काढली. त्यांत लोकरीचा रंग (बहुधा राखी, खाकी किंवा गडद निळा), सुयांचा क्रमांक, टाक्यांची संख्या आणि तयार मोज्याची मापे दिलेली असत. अमेरिकन रेडक्रॉसच्या पत्रकात मध्यम मापाच्या मोज्यासाठी पाव पौंड (सु. ११३ ग्रॅ.) लोकर आणि चार सुया सांगितल्या आहेत. तयार मोज्याची टाचेपासून चवड्याच्या टोकापर्यंतची लांबी ११ इंच (सु. २८ सेंमी.) आणि टाचेपासून वरच्या काठापर्यंतची उंची १४ इंच (सु. ३६ सेंमी.) भरावी, अशी अट आहे.

असा मोजा दोन्ही टोके निमुळती असलेल्या चार सुयांवर नळीसारखा गोल विणतात. प्रथम ६० टाके घालून ते प्रत्येकी २० याप्रमाणे तीन सुयांवर वाटून घेतात आणि चौथ्या सुईने विणत जातात. पहिले टाके सैल घालणे महत्त्वाचे; ते घट्ट पडल्यास काठ पोटरीत रुततो. वरचा भाग दोन सुलट, दोन उलट अशा विणीने करतात. ही वीण ताणली जाऊन पुन्हा आखडते, त्यामुळे मोजा खाली घसरत नाही. त्यानंतर घोट्यापर्यंतचा भाग सर्व टाके सुलट घेऊन विणतात. टाचेसाठी जवळजवळ निम्मे टाके एका सुईवर घेऊन त्यांवर मागे-पुढे विणून एक चौकोनी पट्टी तयार करतात. पुढे ओळ अर्धवट सोडून वळत आणि टाके घटवत गेल्याने त्या सपाट पट्टीला टाचेच्या वाटीचा गोलवा येतो. या कामात सर्वांत अवघड समजला जाणारा भाग हाच होय. मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलून पुन्हा गोल विणू लागतात. उचललेले जादा टाके ओळीगणिक घटवल्याने घोट्याच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या पडतात. पुढे पाऊल सरळ विणून शेवटी चवड्याशी दोन्ही बाजूंना टाके घटवीत आणतात व उरलेले टाके सुईदोऱ्याने जुळवून टाकतात.

या रचनेतील प्रत्येक गोष्टीमागे पायाचा विचार आहे. धागा गाठ न मारता जोडायचा. कारण जाड बुटात गाठीने फोड येतो आणि ओल्या खंदकात फोड चिघळतो. टाच आणि चवडा लवकर झिजतात, म्हणून तेथील वीण दाट ठेवायची. ऊन पाण्यात व साबणात लोकरीच्या तंतूंवरील खवले एकमेकांत गुंतून मोजा आटतो, म्हणून तो आखूड विणायचा नाही.

किचेनर टाका : चवड्याकडील दोन ओळींचे टाके एकमेकांस समोरासमोर ठेवून त्यांतून सुईने नवी ओळ विणल्यासारखा दोरा फिरविला की जोड दिसत नाही व बोटांना टोचतही नाही. या जोडणीला इंग्रजी भाषिक देशांत ‘किचेनर टाका’ म्हणतात. शिवणीच्या कंगोऱ्याने सैनिकांची बोटे सोलवटतात हे पाहून लॉर्ड किचेनर यांनीच ही युक्ती सुचविली, अशी आख्यायिका आहे. तिला समकालीन पुरावा नाही. टाके जुळविण्याची ही पद्धत किचेनर यांच्या आधीच्या शिवणकामाच्या पुस्तकांत आढळते आणि तिच्याशी त्यांचे नाव जोडलेले दिसते ते युद्धाच्या अखेरीच्या सुमारास, मुख्यत्वे अमेरिकेतील लेखनात. तोवर ५ जून १९१६ रोजी ‘हॅम्पशर’ ही युद्धनौका बुडून किचेनर यांचा अंत झालेला होता. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या या सेनानीचे नाव आज अनेकांच्या तोंडी राहिले आहे, ते मोज्याच्या टोकाशी असलेल्या या जोडणीमुळे.

विनामूल्य श्रमांचा प्रश्न : युद्ध सुरू होताच इंग्लंडमध्ये चैनीच्या वस्तूंचे व्यवहार थंडावले. शिवणकाम, टोप्या बनविणे, सुती कापड इ. धंद्यांतील हजारो स्त्रिया बेकार झाल्या. नेमक्या याच वेळी सुखवस्तू घरांतील स्त्रिया सैनिकांसाठी विनामूल्य कपडे तयार करू लागल्या. यामुळे गरीब कामकरी स्त्रियांच्या तोंडचा घास जातो, असा आक्षेप कामगार चळवळीतून घेण्यात आला. ‘विमेन्स ट्रेड युनियन लीग’च्या चिटणीस मेरी मकार्थर यांनी हा प्रश्न राणी मेरी यांच्यापर्यंत नेला. परिणामी २० ऑगस्ट १९१४ रोजी स्त्रियांच्या रोजगाराविषयी एक मध्यवर्ती समिती नेमली गेली. मकार्थर तिच्या मानद चिटणीस होत्या आणि समितीच्या खर्चासाठी राणीच्या नावाने निधी उभारण्यात आला. समितीने काढलेल्या कार्यशाळांत बेकार स्त्रियांना ताशी तीन पेन्स आणि आठवड्यास जास्तीत जास्त दहा शिलिंग मिळत. हे वेतन अपुरे असल्याची टीका सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी केली. पुढे दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रियांना काम मिळू लागले, तेव्हा बेकारीची तीव्रता कमी झाली. तथापि प्रेमापोटी केलेले काम व पोटासाठी केलेले काम यांच्यातील जो विरोध या निमित्ताने उघड झाला, तो दानाच्या कौतुकात झाकला जाऊ नये.

लष्करी मोज्यांचा पुरवठा यंत्रांवरही होत होता आणि यंत्राचा वेग हाताला गाठणे शक्य नव्हते. घरगुती वापराची, हाताने दांडा फिरवून चालणारी गोल विणकामयंत्रेही त्या काळी उपलब्ध होती. स्वयंसेवी मंडळांनी ती वापरलीही. तरीही हातविणकामाला दोन कारणांनी स्थान राहिले. कारखान्यांची क्षमता व वाहतूक अपुरी पडे, तेव्हा घराघरांतील सुया हा एक राखीव पुरवठा ठरे. तसेच ज्यांचे मुलगे, भाऊ वा पती आघाडीवर होते, त्यांना चिंतेच्या काळात हाताला काम मिळे.

हिंदी सैनिक व लोकरी कपडे : हिंदी सैन्याच्या लाहोर व मीरत या डिव्हिजनांतील पहिल्या तुकड्या २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्से बंदरात उतरल्या. अंगावर उष्ण हवामानास योग्य असे सुती कपडे असताना त्यांना ऑक्टोबरच्या अखेरीस फ्लँडर्सच्या खंदकांत जावे लागले. पुरेसे उबदार कपडे मागाहून मिळाले. ऑक्टोबर १९१४ मध्ये लंडन येथे ‘सेंट जॉन’ संस्थेच्या आश्रयाखाली ‘इंडियन सोल्जर्स फंड’ हा निधी स्थापन झाला. मोजे, हातमोजे, गळपट्टे इ. लोकरी वस्तू पुरविणे आणि जखमी हिंदी सैनिकांच्या रुग्णालयास साहाय्य करणे ही कामे त्याने केली. पंजाब, गढवाल वा नेपाळमधील शिपायाच्या पायात अशा रीतीने इंग्लंडमधील अनोळखी स्त्रीने विणलेले मोजे आले. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळाचा मोठा भाग फ्रान्समधून हलविण्यात आला. मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियाच्या आघाडीवर लढल्या.

दुसरे महायुद्ध व नंतरचा काळ : दुसऱ्या महायुद्धापर्यंत यांत्रिक उत्पादन पुष्कळ वाढले होते, तरीही जुनी पत्रके थोड्याफार फरकाने पुन्हा छापण्यात आली. न्यूयॉर्क येथे जानेवारी १९४० मध्ये नॅटली वेल्स लॅथम यांनी ‘बंडल्स फॉर ब्रिटन’ ही संस्था काढून अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच ब्रिटनला विणलेले कपडे पाठविण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि विणकामाची लोकरही त्याच्या कक्षेत आली. जुने स्वेटर उसवून, धागा धुऊन व ताणून वाळवून त्याचे नवे मोजे करणे हे काटकसरीचे नित्याचे साधन बनले.

पायांच्या निगेचा धडा मात्र सर्वत्र सारखा लक्षात राहिला नव्हता. इटलीच्या डोंगराळ आघाडीवर ब्रिटिश तुकड्यांत खंदकपादाचे प्रमाण अमेरिकन तुकड्यांच्या मानाने फार कमी होते. पहिल्या महायुद्धापासून चालत आलेली पाय तपासण्याची व मोजे बदलण्याची शिस्त हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. याच आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढल्या. नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) व शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) यांना तेथील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. दोहोंमधील हिवाळा ॲपेनाइन पर्वताच्या चिखलात व बर्फात गेला. पश्चिम यूरोपात १९४४-४५ च्या हिवाळ्यात सु. ४५,००० अमेरिकन सैनिक थंडीच्या विकारांनी रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर शिध्याबरोबर कोरडे मोजे पुढे धाडण्याची तीस वर्षांपूर्वीची पद्धत तेथेही अवलंबावी लागली.

भारतात १९६२ च्या चीन-भारत संघर्षाच्या वेळी हाच प्रश्न हिमालयाच्या उंचीवर उभा राहिला. अनेक जवानांना सुती गणवेश व कॅनव्हासचे बूट अशा स्थितीत पुढील ठाण्यांवर जावे लागले होते. त्या हिवाळ्यात देशभर स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, हातमोजे विणले. महाराष्ट्रातील बहुतेक भागांत लोकरी कपड्यांची नित्य गरज पडत नाही. तरीही येथील शहरांतून महिला मंडळे व शाळा यांत हे काम चालले.

पुढील काळात कृत्रिम तंतूंचे मिश्रण असलेले यंत्रनिर्मित मोजे सर्वत्र रूढ झाले व युद्धासाठी हातविणकामाची गरज संपुष्टात आली. जुन्या नमुन्यांविषयीचे कुतूहल मात्र वाढत गेले. लेस्टरचे बिशप राहिलेले रिचर्ड रट यांनी १९८७ मध्ये हातविणकामाचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. त्यांचा ग्रंथ व नमुने यांचा संग्रह साउथॅम्प्टन विद्यापीठाकडे आहे. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीच्या वर्षांत (२०१४–१८) अनेक देशांतील हौशी विणकरांनी मूळ पत्रकांवरून मोजे पुन्हा विणून पाहिले. असे करताना जुन्या सुयांचे क्रमांक आजच्या मापांशी जुळत नाहीत, पत्रकातील सूचना त्रोटक आहेत आणि टाच कशी वळवावी हे वाचकास ठाऊक आहे असे गृहीत धरलेले आहे, हे लक्षात येते. ते ज्ञान आई-आजीकडून मिळालेले असे. म्हणून छापण्याची गरज वाटली नाही. वापरलेले मोजे झिजून, फाटून नाहीसे झाले आणि ते विणणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे कोणत्याही नोंदीत नाहीत. संग्रहालयांतून जपलेली ही पिवळी पडलेली पत्रके आणि त्यांवर पेन्सिलीने केलेल्या ओळी मोजण्याच्या खुणा हेच त्या श्रमांचे मुख्य अवशेष होत.